कांद्याचे दिवस आणि ठणकणारं अंग



चांदवडकडे उन्हाळ कांद्याची काढणी निघाली की बायका दिवसभर उकिडव्या बसून पात कापतात. संध्याकाळी कंबर, मान, मनगटं सगळंच दुखतं. त्यात नवल नाही. दोन दिवस आराम मिळाला की ते जातं. पण काहीजणींचं जात नाही. कांदा चाळीत पडून महिना झाला तरी अंग ठणकत राहतं, झोपून उठल्यावरही शीण तसाच. रक्त तपासा, एक्सरे काढा, सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग घरात कुजबुज सुरू होते : ढोंग करते.

ते ढोंग नसतं. असं सर्वांगाचं दुखणं तीन महिन्यांहून जास्त टिकलं, सोबत थकवा आणि मोडलेली झोप असली, तर तो फायब्रोमायल्जिया असू शकतो. यात सांधे झिजत नाहीत, स्नायू सडत नाहीत. दुखण्याची वर्दी देणारी मज्जासंस्थाच हळवी होते आणि साध्या दाबालाही ठणका म्हणून कळवते.

उपाय काय? युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं 2016 साली सगळे उपचार पारखले. त्यात ठामपणे शिफारस करावी असा एकच निघाला : व्यायाम. दवाखान्यात हे सांगितलं की समोरची बाई माझ्याकडे रागानं बघते. “दिवसभर राबते मी, आणखी व्यायाम कसला?” तिचा राग रास्त आहे. पण शेतात किती वेळ बसायचं, कधी थांबायचं हे काम ठरवतं, मजुरी ठरवते. व्यायामाची मात्रा आपण ठरवतो. सगळा फरक तिथे आहे.

ही मात्रा किती असावी? कॅनडात 1988 साली 42 रुग्णांवर अभ्यास झाला. वीस आठवडे काहींनी दमसास वाढवणारा जोरकस व्यायाम केला, काहींनी नुसते ताण दिले. जोरकसवाल्यांची दुखणं सोसण्याची ताकद जास्त सुधारली. तेव्हा वाटलं, चला, जोर वाढवा! पण 2002 साली नेदरलँड्समध्ये जोराचा आणि हलका व्यायाम समोरासमोर ठेवला, तेव्हा जोराच्या व्यायामाचा वरचढपणा माफकच निघाला. शिवाय जोर झेपला नाही की माणूस व्यायामच सोडतो. म्हणून माझा कौल मध्यम जोराला, आणि तोही हलक्यापासून सुरुवात करून.

मध्यम म्हणजे किती? घड्याळाची गरज नाही. चालताना बोलता आलं पाहिजे, पण ओवी गाता येता कामा नये. गाता आली तर जोर कमी पडतोय. बोलतानाच धाप लागली तर जास्त होतोय. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं श्रमाची 6 ते 20 अशी मोजपट्टी केली. सहाच्या ठिकाणी शून्य का नाही, असा प्रश्न पडेल. आकड्याला दहानं गुणलं की तरुण माणसाच्या नाडीचे ठोके साधारण निघावेत, असा त्याचा हिशेब होता. आपल्याला त्या पट्टीवरचे बारा-तेरा पुरेत.

पहिल्या दिवशी चंद्रेश्वराचा डोंगर चढायला जाऊ नका. सपाट रस्त्यावर दहा मिनिटं, एक दिवसाआड. आठ-दहा दिवसांनी दोन-तीन मिनिटं वाढवा. दुसऱ्या दिवशी अंग थोडं जास्त दुखलं तर घाबरू नका. दोन दिवसांनीही उतरलं नाही, तर पुढची फेरी छोटी करा, बंद मात्र करू नका. खरा धोका वाईट दिवसाचा नाही, चांगल्या दिवसाचा आहे. अंग हलकं वाटलं की बाई राहिलेली सगळी कामं एकदम उरकते आणि पुढचे चार दिवस अंथरुणात काढते. काढणीच्या आठवड्यात तर चालणं वाढवूच नका, दहा मिनिटं तेवढी चालू ठेवा. आणि चालायला लागण्याआधी एकदा डॉक्टरांना जरूर दाखवा; थायरॉइड किंवा रक्त कमी असलं तरी अंग असंच दुखतं.

माझ्याकडच्या एक मावशी आता रोज शेजारणीला घेऊन रेणुकामातेच्या मंदिरापर्यंत जातात. परवा ती शेजारीणच तक्रार घेऊन आली. म्हणाली, “बोलत बोलत चाला, असं तुम्ही सांगितलंत ना डॉक्टर? आता ह्या मला एक शब्द बोलू देत नाहीत.”