आधी निरीक्षण, मग अनुमान
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



‘आयटीतले अनुभव सांग’ असं संयोजकांनी सुचवलं होतं. पण कॉम्प्युटरचे धडे तुम्हाला घरची मुलंच रोज देत असतील. म्हणून मी बोलणार आहे बाबांच्या जुन्या गाडीबद्दल आणि तिच्या इंजिनाला लावलेल्या पेट्रोलच्या प्रेशर गेजबद्दल.

गाडी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपल्या भाषेत फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि त्यांच्याच नावाच्या सांगलीच्या कॉलेजात मी इंजिनिअर झाले. म्हणजे या गाडीशी माझं नातं दुहेरी!

दुखणं असं होतं. साताऱ्याहून सांगलीला आत्याकडे निघालं की पेठ नाक्यापर्यंत गाडी मजेत जायची. उन्हाळ्यात तिथे रसासाठी पंधरा मिनिटं थांबलं की मात्र पुन्हा चालू व्हायची नाही. पंपावर ओलं फडकं टाकायचा उपाय जुन्या फियाटवाल्यांना आठवत असेल. त्याचा कधी गुण यायचा, कधी नाही. एका गॅरेजात कार्बोरेटर बदलायला सांगितलं, दुसऱ्यात पंप. घरात गाडी मोडीत काढायची बोलणी सुरू झाली. बाबांचं वय ७८, एसटीच्या पायऱ्या गुडघ्यांना झेपत नाहीत. बहीण-भाऊ वर्षभर फोनवरच भेटत होते.

या गाडीचा पेट्रोल पंप साधा असतो. इंजिनाच्या कॅमशाफ्टमुळे एक दांडी हलते, ती आतला रबरी पडदा ओढते आणि स्प्रिंग तो परत ढकलते. कार्बोरेटरच्या इंजिनाला साधारण ३ ते ४ पीएसआय दाब पुरतो. टायरमध्ये आपण २८-३० भरतो, त्यावरून कल्पना येईल. दाब फार वाढला तर कार्बोरेटरमधली सुई पेट्रोल अडवू शकत नाही आणि ते ओसंडतं. कमी पडला तर गाडी उपाशी राहते.

म्हणून ० ते १५ पीएसआयचं गेज आणलं. १०० पर्यंतच्या गेजवर एवढा लहान दाब नीट वाचता येत नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची वायर काढली आणि पंप व कार्बोरेटर यांच्यामधल्या नळीत पितळी टी-जॉइंट बसवला. नळी पेट्रोलसाठीचीच घेतली, प्रत्येक जोडाला क्लिप लावली आणि गळती तपासली. गेज बॉनेटखालीच ठेवलं. पेट्रोल भरलेली नळी केबिनमध्ये कधीही आणू नये. डॅशबोर्डवर आकडा हवाच असेल तर इलेक्ट्रिक सेन्सर लावावा, म्हणजे आत फक्त वायर येते.

साताऱ्यात थंड इंजिनावर काटा साडेतीनवर होता. पेठ नाक्यावर थांबून पुन्हा स्टार्टर मारला, तेव्हा तो एकच्याही खाली थरथरत राहिला. म्हणजे कार्बोरेटरपर्यंत पेट्रोलच पोचत नव्हतं. तो निर्दोष सुटला. मग टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीवर गार पाणी ओतलं. थोड्या वेळात काटा तीनच्या वर गेला आणि गाडी चालू झाली. पंपही सुटला! कुठल्याशा दुरुस्तीत ती नळी सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपाजवळून नेली होती. गाडी थांबली की आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही.

नळी लांबून फिरवली, दुखणं गेलं. नवी नळी इथेनॉल चालणारी घेतली. आपल्याच जिल्ह्यांतल्या उसापासून बनणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. तुमच्यापैकी कुणाकडे जुनी गाडी असेल तर नळ्या एकदा जरूर पाहा. बाबांनी दिवाळीत भाऊबीजेला स्वतः गाडी चालवत सांगली गाठली.

आमच्या धंद्यातही प्रोग्राम बिघडला की प्रत्येकाचा अंदाज तयार असतो. लॉग उघडून पाहणारा एखादाच. आपल्या विज्ञानाच्या प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ असे दोन वेगळे मथळे असायचे. निरीक्षण कोरं ठेवून अनुमान लिहिलं की वही परत यायची. तेव्हा तो जाच वाटायचा. माझी वही परत करणारे गुरुजन आज समोर बसले आहेत. त्यांना मनापासून नमस्कार करते आणि थांबते.