मन झाकोळते तेव्हा



निकालाच्या दिवशी मन खट्टू होणे स्वाभाविक आहे. चार-आठ दिवसांत ते सावरते. परंतु दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, पुस्तक उघडवत नसेल, तर तो आळस नव्हे, आजार असू शकतो.

ऋतूचाही मनावर परिणाम होतो. १९८४ साली अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेन्थाल व सहकाऱ्यांनी हिवाळ्यात येणाऱ्या अशा नैराश्याचे वर्णन केले. लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस जेमतेम आठ तासांचा. आपल्या कोकणातून तिकडे गेलेल्या मुलाचा आवाज फोनवर खोल गेलेला वाटला, तर पैशांची गोष्ट नंतर काढा. आधी ‘झोप लागते का, बाळा?’ असे विचारा. सकाळच्या उजेडात फिरायला, डॉक्टरांना भेटायला सांगा.

घरात ताप आला तर आपण दुआही करतो आणि दवाही देतो. मनाच्या दुखण्यात दवेची लाज का वाटावी? २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मूल जीव नकोसा झाल्याचे बोलले, तर रागावू नका. त्याला एकटे सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

विद्यार्थी मित्रांनो, गुणपत्रिका पुन्हा मिळते. तुम्ही आम्हांला पुन्हा मिळणार नाही.