वनाचें माप कोणीं ठरवावें?

बाजारांत धान्य घेतांना माप खरें कीं खोटें याची खात्री करून घेतल्यावांचून शहाणें माणूस पदर पुढें करीत नाहीं. अरण्याचें मोल ठरवितांना मात्र मापाची चौकशी क्वचितच होते.

अरण्याचीं देणीं अनेक आहेत. लाकूड, मध, पाणी हीं तर उघडच दिसतात. पुराला आळा, मातीचें रक्षण आणि देवराईपुढें नम्र होणाऱ्या मनाचें समाधान हींही देणींच होत. तीं मोजण्याच्या रीतीही अनेक आहेत. बांबूला बाजारभाव लावतां येतो. झाडांनीं माती धरून ठेवली नसती तर धरणांतील गाळ काढण्यास किती खर्च आला असता, असा हिशेब मांडतां येतो. वन राखण्यासाठीं किती पैसे द्याल, असें लोकांना विचारतां येतें. किंवा गांवकऱ्यांपुढें खडे ठेवून, ज्या वस्तूचें महत्त्व अधिक तिच्यापुढें अधिक खडे मांडा, असें सांगतां येतें.

परंतु प्रत्येक रीत कांहीं दाखविते आणि कांहीं झांकते. केवळ बाजारभाव धरला तर घरच्या चुलींतलें सरपण आणि टंचाईच्या दिवसांतले रानकंद हिशेबांतून गळतात, कारण ते विकले जात नाहींत. पैसे देण्याची तयारी विचारली तर रित्या खिशाचें मत हलकें पडतें. म्हणून मापाची निवड ही नुसती गणिताची बाब नव्हे. ती न्यायाचीही आहे.

असें असूनही ही निवड बहुधा तज्ज्ञच करितात. जैवविविधतेविषयींच्या आंतरशासकीय मंचानें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत मोल ठरविण्याच्या ५० हून अधिक पद्धती नोंदल्या आहेत. त्यासाठीं तपासलेल्या हजारांवर अभ्यासांपैकीं, संबंधित लोकांना प्रत्येक पायरीवर सामील करून घेतलेले अभ्यास शेंकडा १ च आढळले.

गांवकऱ्यांना शास्त्र काय कळणार, हा आक्षेप नेहमींचाच. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवानें त्याचें उत्तर दिलें आहे. तेथें गांवकरी बाहेरच्या जाणकारांसह अभ्यासगटांत बसतात आणि ग्रामसभा सर्वसहमतीनें निर्णय घेते. सुमारें १८०० हेक्टर वनावरील या गांवाचा सामूहिक हक्क २००९ सालीं मान्य झाला, आणि २०११ सालीं गांवानें स्वतः बांबूची विक्री केली.

अर्थात् गांवालाही एकच तोंड नसतें. सरपण आणणारी स्त्री, गुरें चारणारा मुलगा आणि खालच्या अंगाचा शेतकरी यांच्या गरजा निरनिराळ्या. चावडीवर मोठ्यानें बोलणाऱ्याचेंच ऐकलें तर जुनाच अन्याय नव्या रूपानें होईल. प्रत्येकाला निराळें विचारावें, कोणती रीत काय दाखविते व काय झांकते हें त्याच्या भाषेंत सांगावें, आणि मगच माप ठरवावें. यांत वेळ जाईल हें खरें. पण ज्यांचें सरपण, पाणी आणि चराई त्या हिशेबावर अवलंबून आहे, त्यांच्या दृष्टीनें तो वेळ वायां गेलेला नसेल.