रविवारची संध्याकाळ

(महाविद्यालयीन वर्षाच्या आरंभी नवागत विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पुण्याच्या सदाशिव, नारायण, शुक्रवार या पेठांतील बऱ्याचशा खाणावळी रविवारी संध्याकाळी बंद असतात. दुपारी गोडाचे जेवण असते. श्रीखंड किंवा गुलाबजाम, मसालेभात, कुरडई-पापड असा थाट असतो आणि विद्यार्थी त्याला 'फीस्ट' म्हणतात. त्यानंतर सोमवारी सकाळपर्यंत शेगडीला विश्रांती. खाणावळ चालविणाऱ्या बाईंनाही आठवड्यातून एक वेळ विसावा हवाच; त्याविषयी तक्रार करण्याचे कोणाला कारण नाही. तथापि, घर सोडून प्रथमच शहरात आलेल्या विद्यार्थ्याला आपण घरापासून किती दूर आलो आहोत, याची खरी जाणीव होते ती या रविवारच्या संध्याकाळी. विद्यार्थिदशेतील चढउतारांचा विचार परीक्षेच्या निकालापासून सुरू करण्याची प्रथा आहे. वस्तुतः तो या संध्याकाळपासून सुरू करणे अधिक योग्य ठरेल.

बीड, नांदेड, यवतमाळ, नंदुरबार अशा एखाद्या जिल्ह्यातून विद्यार्थी जुलैच्या पावसात एस.टी. स्थानकावर उतरतो. पाठीवर सॅक, एका हातात गादीची वळकटी आणि दुसऱ्या हातात बादली. त्या बादलीत तांब्या, साबण, चटणीची बरणी आणि आईने ऐनवेळी कोंबलेले लाडू. बरोबर वडील असतात. दोघे मिळून खोल्या पाहात हिंडतात. शहरात 'कॉट बेसिस' नावाचा एक व्यवहार आहे, हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळते. खोली कोणी भाड्याने देत नाही. खोलीतील एक कॉट देतात. उरलेल्या कॉटांवर कोण आहेत, ते रात्री दिवा किती वाजेपर्यंत ठेवतात, याची चौकशी करण्याइतका वेळ वडिलांपाशी नसतो, कारण त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची असते. अनामत रक्कम, एका महिन्याचे भाडे आणि खाणावळीचे आगाऊ पैसे भरून झाल्यावर त्यांच्या खिशात परतीच्या तिकिटापुरतेच पैसे उरतात. मुलगा त्यांना गाडीत बसवून देतो आणि परत येताना वाट चुकतो.

पहिला महिना हिशेब शिकण्यात जातो. खाणावळीत 'खाडा' नावाचा नियम असतो: आधी सूचना देऊन सलग काही दिवस गैरहजर राहिले, तरच त्या दिवसांचे पैसे पुढील महिन्यात वळते होतात. नवा विद्यार्थी हा नियम विचारून घेत नाही. तो गौरी-गणपतीला गावी जातो आणि परतल्यावर वजावट मिळत नाही म्हणून हिरमुसतो. पुढे पुढे काटकसर त्याच्या अंगवळणी पडते. एक डबा लावून दोघांनी जेवण्याची रीत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांत तर सर्रास आढळते. चार पोळ्या, भाजी, आमटी आणि मूठभर भात यांची दोन वाटण्या करताना जी समज लागते, ती कोणत्याही अभ्यासक्रमात नसते. पण या काटकसरीचे फार कौतुक करणेही बरे नव्हे. अर्धपोटी मुलगा वाचनकक्षात दुपारी तीन वाजता पेंगतो, आणि त्याला आळशी समजले जाते.

विद्यार्थ्याचे जेवण हा प्रश्न आजचा नाही. मागील शतकांतील पुण्यात माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्यांच्या आठवणी अनेक आत्मचरित्रांत वाचावयास मिळतात. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असे सात वार सात घरी जेवायचे. एखाद्या घरी सोयर-सुतक निघाले की तो वार कोरडा जायचा. त्या विद्यार्थ्यांच्या चिकाटीला मान द्यावाच लागेल. पण हेही सांगितले पाहिजे की, ती दारे सर्वांसाठी उघडी नव्हती. ज्याची जात त्या पंक्तीला चालत असे, त्यालाच वार मिळे. बाकीच्यांच्या बाबतीत हुशारी असूनही शिक्षण थांबायचे, आणि ते वर्गात नव्हे, तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबायचे.

राजर्षी शाहू महाराजांनी हे नेमके ओळखले होते. कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली आणि त्यानंतर निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहात गेली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह काढले, त्यात एक पाऊल पुढे पडले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहात, एकत्र राबत आणि एकाच पंक्तीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने एकेक करून दिले आणि अखेर मंगळसूत्रही काढून दिले. रयत शिक्षण संस्थेचा इतिहास सांगताना शाळा-महाविद्यालयांची संख्या आवर्जून सांगितली जाते. त्या संख्येच्या मुळाशी धान्याचे पोते होते. पुढे १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले आणि 'कमवा आणि शिका' ही कल्पना महाविद्यालयीन शिक्षणात रुजली. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी साहाय्यक समितीचे काम सुरू झाले, तेही खेड्यांतून आलेल्या गरजू मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय करण्यासाठीच.

दरम्यान विद्यापीठच गावाच्या जवळ येऊ लागले होते. मराठवाड्याला १९५८ मध्ये, कोल्हापूरला १९६२ मध्ये, अमरावतीला १९८३ मध्ये, जळगावला १९९० मध्ये, नांदेडला १९९४ मध्ये, सोलापूरला २००४ मध्ये आणि गडचिरोलीला २०११ मध्ये विद्यापीठ मिळाले. सनांची ही माळ रुक्ष वाटेल, पण तिचा अर्थ खेड्यातील घराला चांगला कळतो. तालुक्याच्या गावी महाविद्यालय निघाले की मुलाचा डबा सकाळच्या पहिल्या एस.टी.ने पाठविता येतो. ऑइलपेंटने नाव घातलेला, फडक्यात बांधलेला डबा आई वाहकाच्या हाती देते, वाहक तो स्थानकावर उतरवून ठेवतो, आणि मुलगा तास संपवून तो घेऊन जातो. या व्यवहारात पावती नसते आणि डबाही सहसा हरवत नाही. मात्र गाडी पंक्चर झाली की एका गावची पाच-सहा मुले त्या दिवशी वडापाववर राहतात. २०२१-२२ मधील एस.टी.च्या प्रदीर्घ संपात तर डब्यांबरोबर मुलींचे येणे-जाणेही अडले. सवलतीच्या पासाच्या भरवशावर शिकणाऱ्या मुलीला खाजगी वाहनाचे भाडे रोज परवडत नाही, आणि परवडले तरी घरची मंडळी तिला त्या वाहनातून पाठविण्यास कचरतात.

वर्गातील चढउतार तुलनेने सर्वांच्या परिचयाचे आहेत. बारावीपर्यंत गावात पहिला येणारा मुलगा येथे एकदम मधल्या बाकावर जातो. विज्ञान मराठीतून शिकलेल्याला इंग्रजीतील व्याख्यान पहिले दोन महिने नुसते कानावरून जाते. 'न' आणि 'ण' यांच्या उच्चारावरून कोणी हसले की तो वर्गात प्रश्न विचारणेच सोडून देतो, आणि हे नुकसान कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदले जात नाही. पहिल्या सत्राचा निकाल लागतो. एखादा विषय राहिला तर 'एटीकेटी' घेऊन पुढील वर्गात जाता येते. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनासाठी अर्जही करता येतो. ही सोय मुलाला माहीत असते. पण घरी काय सांगावे, हे त्याला कळत नाही. पालकहो, आपणांस एवढीच विनंती की, त्या दिवशी फोनवर शेजारच्या मुलाचे गुण विचारू नयेत.

चढणीचे दिवसही असतातच. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात शहरातील मुलांना कुदळ धरता येत नाही, आणि खेड्यातला हा अबोल मुलगा एकाएकी सर्वांचा गुरू बनतो. कोणी पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींना पडदे ओढण्यासाठी म्हणून जातो आणि एका रात्री आजारी नटाच्या जागी उभा राहतो. विद्यापीठाच्या आवारात जयकर ग्रंथालयात ठरलेली खुर्ची मिळू लागली, शेजारच्या खुर्चीवरचा ओळखीचे हसू लागला, की शहर थोडेसे आपले वाटू लागते. 'कमवा व शिका' योजनेत बागेला पाणी घालून वा कार्यालयातील नोंदी करून महिनाअखेर हाती आलेले पैसे थोडेच असतात. पण त्यांतून धाकट्या बहिणीसाठी घेतलेला ड्रेस दिवाळीत साऱ्या गल्लीला दाखविला जातो.

आता पैशाविषयी, कारण बहुतेक उतार तेथेच सुरू होतात. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. आरंभी पुणे-मुंबईसारख्या शहरांसाठी भोजनभत्ता ३२ हजार, निवासभत्ता २० हजार आणि निर्वाहभत्ता ८ हजार, असे वर्षाला ६० हजार रुपये ठरविण्यात आले. दहा महिन्यांचे शैक्षणिक वर्ष धरले, तर जेवणाला महिन्याकाठी ३,२०० रुपये होतात. म्हणजे हा हिशेब करणाऱ्यांनी खाणावळीचे दर डोळ्यांपुढे ठेवले होते असे दिसते. इतर प्रवर्गांसाठीही अशा योजना आहेत. २०२४-२५ पासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क संपूर्ण माफ झाले आहे, ही तर फारच मोलाची गोष्ट होय.

अडचण निराळी आहे. भत्ता हप्त्याने येतो आणि भूक रोज लागते. खाणावळीचे पैसे एक तारखेला द्यावे लागतात. हप्ता दिवाळीनंतर जमा झाला, तर मधले महिने उसनवारीवर काढावे लागतात. २०१८ मध्ये शहरांतील व जिल्ह्याच्या ठिकाणच्या आदिवासी वसतिगृहांत शिजविलेल्या जेवणाऐवजी त्याची रक्कम थेट खात्यात देण्याचा निर्णय झाला, तेव्हा जुलै महिन्यात विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. रक्कम हाती मिळणे हे स्वातंत्र्य आहे, असे वरकरणी वाटते. पण त्या मुलांना वेळेवर पडणारी पोळी त्या स्वातंत्र्याहून अधिक खात्रीची वाटत होती, आणि त्यांचे म्हणणे ज्याने उसन्या पैशांवर महिना काढला आहे त्याला चटकन पटेल. कागदपत्रांच्या बाबतीत मात्र विद्यार्थ्यांनीही थोडी जागरूकता बाळगावयास हवी. उत्पन्नाचा दाखला जूनमध्येच काढून ठेवावा. बँकेचे खाते आधार क्रमांकाशी जोडले आहे किंवा नाही, हे अर्ज भरण्यापूर्वी पाहावे. महाडीबीटी संकेतस्थळावरील अर्ज महाविद्यालयाच्या पातळीवर अडला असेल तर कार्यालयातील संबंधित लिपिकाला चार वेळा जाऊन भेटावे. पाचव्या वेळी तो नावाने ओळखू लागतो, हाही एक फायदाच.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा वसतिगृहे रिकामी झाली आणि खाणावळींच्या शेगड्या थंडावल्या. मुले गावी गेली, टेकडीवर चढून मोबाइलची रेंज शोधू लागली. पेठांतील कित्येक खाणावळी त्यानंतर पुन्हा उघडल्याच नाहीत. वर्षानुवर्षे मुलांची नावे, गावे आणि पथ्ये लक्षात ठेवणाऱ्या त्या बायकांचे पुढे काय झाले, याची चौकशी कोणत्याच विद्यापीठाच्या अहवालात सापडणार नाही.

तर रविवारची संध्याकाळ. खाणावळ बंद आहे. खोलीवर चौघे आहेत. महिनाअखेर असल्याने बाहेर जेवायला जाण्याची भाषा कोणी काढत नाही. साडेसातला फोन वाजतो.

"जेवलास का रे?"

"हो, जेवलो."

"काय होतं जेवायला?"

तो अडखळतो, अभ्यास आहे म्हणून फोन ठेवतो. पलीकडच्या कॉटवरचा सोलापूरचा मुलगा हे ऐकत असतो. वर्ष सुरू होऊन सहा आठवडे झाले, तरी दोघांत फारसे बोलणे झालेले नसते. तो उठून ट्रंक उघडतो आणि कडक भाकऱ्यांची चळत व शेंगाचटणीची पिशवी बाहेर काढतो. तिसरा खाली जाऊन दही आणतो. चौथ्याजवळ कांदे असतात. खाली वर्तमानपत्र अंथरले जाते. भाकरी मोडताना तिचा कडाका इतका मोठा होतो की घरमालक जिन्यातून विचारतात, काय फोडता आहात रे?

जेवण अर्ध्यावर आले असता मुलगा चटणीचा हात पाठीमागे धरून डाव्या हाताने घरी फोन लावतो. पलीकडे आईने तो पहिल्याच घंटीला उचललेला असतो.