वडिलांच्या पेटीतील नाणी

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या मराठी घरांत वडीलधाऱ्या माणसाच्या पश्चात कपाट उघडले जाते, तेव्हा खरेदीखते, जन्मपत्रिका आणि बँकेची पुस्तके यांच्या तळाशी पुष्कळदा एक जड थैली निघते. तीत जुनी नाणी असतात. कुणा गृहस्थाने ती आयुष्यभर निगुतीने जमविलेली असतात. कोणते नाणे कोठून आले याची माहिती मात्र बहुधा त्याच्याबरोबरच गेलेली असते. तेराव्यानंतर थैली चटईवर रिकामी होते, भावंडे भोवती बसतात आणि घरातील कोणीतरी चांगल्याच हेतूने चिंच व रांगोळी आणून नाणी लख्ख घासू लागते. संग्रहाच्या किमतीचा मोठा भाग अशा वेळी, गिऱ्हाईक दाराशी येण्यापूर्वीच, मोरीतून वाहून जातो.

कारण चांदीवर वर्षानुवर्षे चढलेली काळसर छटा म्हणजे मळ नव्हे. ती जपलेल्या नाण्याची खूण आहे, आणि जाणकार तिच्याकडे पाहूनच बोली वाढवितो. घासलेल्या नाण्यावर बारीक ओरखडे उठतात, अक्षरांच्या कडा बोथट होतात, आणि मग ते कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. म्हणून पहिल्या दिवशी करावयाचे काम एवढेच की काहीही करू नये. नाणी कडेला धरून उचलावीत, एकेक वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावे, आणि जुन्या पुड्यांवर वडिलांच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी असेल तर ती त्याच नाण्याजवळ राहू द्यावी. चार आण्यांना अमुक जत्रेत घेतले, एवढी नोंदही नाण्याचा पूर्वेतिहास सांगते.

दुसरी चूक सराफाच्या पेढीवर होते. सराफ फसवितोच असे नाही. त्याचा काटा फक्त चांदीची भाषा जाणतो. ब्रिटिश रुपयाचे वजन 180 ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापाने 11.66 ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया निकेलचा निघाला. तेव्हा काट्यापुढे ठेवण्यापूर्वी साल पाहणे अगत्याचे आहे. पण सालावरूनही भलतेच अनुमान निघते. व्हिक्टोरिया राणीच्या 1862 च्या रुपयावर ते साल 1874 पर्यंत तसेच छापले जात होते. त्यामुळे तो कितीही जुना दिसला तरी मुबलक आहे, आणि झिजलेल्या नगाला चांदीच्या भावापेक्षा फार अधिक मिळत नाही. उलट 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया पाहा. राजाच्या गळ्यातील माळेवरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी परत घेतली गेली आणि 1912 पासून चित्र सुधारले. तो रुपया त्याच्या शेजारच्या सालांहून महाग आहे. 1939 चा चांदीचा रुपया तर फारच विरळा. म्हणूनच 1938 मधील शेवटचा आकडा कोरून बदललेले नगही बाजारात फिरतात.

संस्थानी नाण्यांत खरी परीक्षा लागते. होळकरांच्या मल्हारनगर टाकसाळीतील रुपयांवर बादशहा शाह आलम याचे नाव, तो 1806 मध्ये निवर्तल्यानंतरही कितीतरी वर्षे चालू होते. फारसी अक्षरे न वाचता आल्यामुळे घरची माणसे त्यांना मोगलांची नाणी समजतात. सूर्यमुख किंवा शिवलिंग व बेलपान दिसले की जाणत्याला होळकर ओळखू येतात. हाताने ठोकलेल्या या नाण्यांची चकती ठशापेक्षा लहान असे, म्हणून टाकसाळीचे नाव व साल दोन्ही चकतीवर उतरलेला नग भाग्याचाच. यशवंतराव होळकरांचा शके 1728 चा संस्कृत लेखाचा रुपया अत्यंत दुर्मिळ. तो थैलीत असेल आणि काट्यावर गेला, तर त्या नुकसानीला हिशेब नाही. हैदराबादचा चारमिनारचा हाली रुपया कलदाराहून वजनाने व चांदीने हलका, आणि गोव्यातील घरांत पोर्तुगालच्या पहिल्या लुईस राजाचे 1881 व 1882 चे रुपये निघतात. या सर्वांना एकाच तराजूत घालणे म्हणजे बासमती आणि कणी एका पोत्यात भरणे होय.

भावनेच्या पोटी ज्यांना अधिक मोल दिले जाते अशीही काही नाणी असतात. पुतळ्यांची माळ मूळच्या व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवरून आली खरी, पण बहुतेक पुतळ्या इकडेच घडविलेल्या. आणि अस्सल नाण्यालाही कडी डागली गेली की संग्राहक मागे सरतो व सोन्याचा भाव तेवढा उरतो. देवघरातील राम-लक्ष्मण-सीतेचे 1818 सालचे ईस्ट इंडिया कंपनीचे म्हणून दाखविले जाणारे तांब्याचे नाणे कंपनीने कधी काढलेच नव्हते. ते पूजेत राहावे. बाजारात त्याला लाखो रुपये येतात ही केवळ वदंता आहे.

विकावयाचे ठरलेच, तर प्रथम यादी करावी: धातू, वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे छायाचित्र. मग दोन-तीन स्वतंत्र जाणकारांना दाखवावे, आणि जो मूल्य सांगतो तोच लगेच घ्यावयास उत्सुक दिसला तर थांबावे. लिलावांच्या छापील यादीतील अंदाज पाहू नयेत; हातोडा ज्या रकमेवर पडला ती रक्कम पाहावी. लिलावगृहाकडे देताना आपल्याकडून किती दलाली कापली जाईल आणि किमान कोणत्या किमतीखाली नाणे विकले जाणार नाही, हे लेखी घ्यावे. जुन्या नाण्यांना मोठी रक्कम देतो म्हणून आधी शुल्क वा कर मागणारे ठग आहेतच. त्यांतील काही रिझर्व्ह बँकेचे नाव सांगतात. बँक असा व्यवहार करीत नाही व शुल्कही मागत नाही, असे तिने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केले आहे.

शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. देशात ते विकता येते, परंतु परदेशी असलेल्या भावाने आपला वाटा सहज खिशातून नेतो म्हटल्यास ते बेकायदा होईल. वाडा पाडताना भिंतीत हंडा सापडला, तर गोष्ट आणखी निराळी: दहा रुपयांहून अधिक मोलाच्या गुप्तधनाची वर्दी 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते.

राहिला प्रश्न वाटणीचा. तिघांनी नाणी मोजून तीन ढीग केले, तर एका राजाच्या सलग वर्षांची मालिका तुटते, आणि तुटलेल्या मालिकेचे तीन तुकडे मिळून पूर्वीची किंमत देत नाहीत. नाणी एकत्र विकून पैसे वाटावेत, किंवा एकाने सर्व ठेवून बाकीच्यांना त्यांचा वाटा रोख द्यावा. हे मान्य होईपर्यंत थैली बँकेच्या तिजोरीत ठेवावी, आणि यादीची एकेक प्रत तिघांच्याही घरी असावी.