चुकांमागील नियम

कॉलेजांतील विद्यार्थ्यांना चार ओळी शुद्ध लिहितां येत नाहींत, ही तक्रार नवी नाहीं आणि एकाच देशाचीही नाहीं. १९७० सालीं न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठानें शहरांतील माध्यमिक शाळांतून उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला प्रवेश खुला केला, तेव्हां तेथील सिटी कॉलेजांत हीच तक्रार तीव्र स्वरूपांत उभी राहिली. गरीब वस्त्यांतून आलेल्या कित्येकांच्या निबंधांत ओळीओळीला चुका होत्या. हीं मुलें उच्च शिक्षणास पात्रच नाहींत, असें म्हणणारेही निघाले. तें म्हणणें मान्य झालें असतें, तर नुकतेंच उघडलेलें दार त्यांना पुन्हां बंद झालें असतें.

तेथील प्राध्यापिका मिना शॉनेसी यांनीं निराळा मार्ग धरला. १९७० ते १९७४ या काळांत नव्या विद्यार्थ्यांनीं लिहिलेले सुमारें ४,००० निबंध त्यांनीं तपासले. १९७७ सालीं 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' या ग्रंथांत त्यांनीं दाखविलें कीं, या चुका आळसाच्या किंवा मंदबुद्धीच्या निदर्शक नसून त्यांच्या मागें बहुधा कांहीं तरी नियम असतो.

याचा अर्थ मराठींतील उदाहरणानें सहज ध्यानांत येईल. 'मी घरीं गेलों', 'मी जेवलों' हीं वाक्यें शुद्ध. म्हणून एखादा विद्यार्थी 'मी पत्र लिहिलों' असें लिहितो. त्याला नियम ठाऊक नाहीं असें नव्हे. एका ठिकाणचा नियम तो दुसऱ्या ठिकाणीं लावतो. शेजारचा विद्यार्थी हें वाक्य अचूक लिहील, पण त्याचें लांब वाक्य मध्येंच कर्ता बदलून भरकटेल. दोघांना एकच व्याख्यान ऐकवून काय साधणार? वैद्य सर्व रोग्यांना एकच मात्रा देत नाहीं.

म्हणून शिक्षकानें प्रत्येकाचे तीन-चार निबंध एकत्र ठेवून चुकांची वर्गवारी करावी व वारंवार येणारी एकच चूक निवडावी. विद्यार्थ्याला जवळ बसवून 'हें असें कां लिहिलें?' असें विचारावें, आणि उत्तर ऐकल्यावर त्या चुकीपुरताच अभ्यास द्यावा. ती सुटली कीं दुसरी घ्यावी. विद्यार्थ्यानेंही आपल्या चुकांची टिपणवही ठेवावी.

मोठ्या वर्गांत इतका वेळ कोठून आणावा, हा आक्षेप खरा आहे. परंतु वह्यांचे गठ्ठे तांबड्या शाईनें रंगविण्यांत जातो, तोही वेळच. आणि चुकीच्या भीतीनें विद्यार्थी लिहावयासच कचरतो, हें शॉनेसीबाईंनीं आवर्जून नोंदविलें आहे. जो लिहीतच नाहीं, त्याचें लेखन सुधारावें तरी कसें?

पालकांनाही यांत करण्याजोगें कांहीं आहे. मुलाचा निबंध हातीं आला, तर चुका मोजण्यापूर्वीं त्याला काय म्हणावयाचें आहे तें विचारावें. पुष्कळदां तो तोंडानें सांगतो तें कागदावरच्यापेक्षां अधिक नीट असतें. तेंच त्याला लिहावयास सांगावें.