शताधिपतीला जे कळलं



ही व्याख्यानमाला महाराष्ट्रात ऐकली जाते, तशी इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबादच्या मराठी घरांतही ऐकली जाते. ऐकणाऱ्यांत ख्रिस्ती आहेत, त्याहून जास्त ख्रिस्ती नसलेले आहेत. म्हणून आधीच सांगतो, मी पाळक नाही, ईश्वरविद्येचा पदवीधर नाही. फौजेत सिग्नल्समध्ये आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर जबलपूरला सदरमध्ये घर केलं. इंग्रजांनी वसवलेल्या छावण्यांत मुख्य बाजाराला सदर बाजार म्हणत, तेच नाव इथे वस्तीला राहिलं. सिग्नल्सचं प्रशिक्षण केंद्र याच गावात आहे, त्यामुळे आमच्यासारख्यांना इथे परकं वाटत नाही. सकाळी पेंटीनाक्याकडे फिरायला जावं, तर चारातला एक जण ओळखीचा सलाम करतो.

आजचा विषय असा आहे: रोजच्या जगण्यात ख्रिस्ताची शिकवण सापडते म्हणतात, ती नेमकी कशी सापडते?

पहिली गोष्ट तर उघड आहे. येशूने शिकवताना जी उदाहरणं घेतली ती पाहा. पिठात खमीर मिसळणारी बाई. हरवलेलं नाणं शोधायला दिवा लावून घर झाडणारी बाई. पेरणी करणारा शेतकरी, मोहरीचा दाणा, मीठ, मासळीचं जाळं, मजूर लावणारा मळेवाला. यात मंदिरातली वस्तू क्वचितच आहे. सगळं सामान स्वयंपाकघरातलं, शेतातलं, बाजारातलं. ऐकणाऱ्याने घरी जाऊन पीठ मळायला घेतलं की दाखला पुन्हा आठवावा, अशी ही सोय होती.

पण दाखला सांगणं वेगळं आणि स्वतःच्या अनुभवातून समज येणं वेगळं. त्याचं शुभवर्तमानातलं सगळ्यात चांगलं उदाहरण माझ्या मते एका फौजी माणसाचं आहे. कफर्णहूम गावातला रोमी शताधिपती. शंभराच्या आसपास शिपायांवरचा अधिकारी, म्हणजे आपल्याकडे साधारण कंपनी कमांडर समजा.

त्याचा चाकर घरी आजारी होता. मत्तय सांगतो, पक्षाघाताने पडलेला होता. शताधिपतीने येशूकडे मदत मागितली. येशू म्हणाला, मी येतो. त्यावर हा माणूस म्हणाला, येण्याची गरज नाही, आपण नुसता शब्द बोला. आणि कारण काय दिलं? शास्त्रातलं वचन दिलं नाही, ते त्याच्याकडे नव्हतंच. त्याने आपल्या नोकरीतलं कारण दिलं. मी स्वतः कुणाच्या तरी हुकमाखाली आहे, माझ्या हाताखाली शिपाई आहेत, मी एकाला जा म्हटलं की तो जातो, दुसऱ्याला ये म्हटलं की येतो.

येशूला याचं आश्चर्य वाटलं, असं शुभवर्तमानात लिहिलं आहे. येशूला आश्चर्य वाटल्याची नोंद दोनच प्रसंगी आहे. एकदा नासरेथमध्ये, आपल्याच गावच्या लोकांच्या अविश्वासाचं. आणि एकदा इथे, परक्या सैन्यातल्या परधर्मी अधिकाऱ्याच्या विश्वासाचं.

मी फौजेत नसतो, तर हे वाक्य इतकं जवळचं वाटलं नसतं. लोकांना वाटतं, शताधिपती आपल्या अधिकाराबद्दल बोलतोय. त्याने सुरुवात कुठून केली ते पाहा: मी स्वतः हुकमाखाली आहे. अधिकाऱ्याच्या शब्दाला वजन असतं ते त्याच्या आवाजामुळे नाही, त्याच्या मागे उभ्या असलेल्या व्यवस्थेमुळे असतं, आणि तो स्वतः त्या व्यवस्थेचा ताबेदार असतो म्हणून. जो वरचं ऐकत नाही, त्याचं खालचे फार दिवस ऐकत नाहीत. हे तो रोज कवायतीच्या मैदानावर पाहत होता. येशूकडे पाहून त्याने ओळखलं की हाही माणूस कुणाच्या तरी आज्ञेत आहे, म्हणून याचा शब्द चालतो. विद्वानांना जे दिसलं नाही ते त्याला नोकरीने दाखवलं.

तेव्हा पहिला मुद्दा हा. तुमचा जो काही धंदा असेल, शिवणकाम, शिक्षकी, दवाखाना, दुकान, त्यात तुम्हाला हाताने माहीत झालेल्या काही गोष्टी आहेत. त्या कमी समजू नका. आमच्या सिग्नल्सचंच सांगतो. वायरलेसवर दोन शब्द असतात. रॉजर आणि विल्को. सिनेमात दोन्ही एकच असल्यासारखे वापरतात. पण रॉजर म्हणजे तुझा निरोप मिळाला, एवढंच. विल्को म्हणजे मिळाला आणि त्याप्रमाणे करतो. नव्या ऑपरेटरला हा फरक पहिल्याच आठवड्यात शिकवतात, कारण पलीकडचा माणूस त्यावर विसंबून पुढचं पाऊल टाकणार असतो. येशूने दोन मुलांचा दाखला सांगितला आहे. बापाने दोघांना मळ्यात काम करायला सांगितलं. एक नाही म्हणाला आणि नंतर गेला. दुसरा हो म्हणाला आणि गेला नाही. सिग्नल्समधल्या कुठल्याही जवानाला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. रविवारी आपण बहुतेक जण रॉजर म्हणून घरी येतो.

आता कठीण भागाकडे येतो. रोजच्या अनुभवातून देवाची शिकवण शोधायची म्हटलं की काही लोक प्रत्येक घटनेत निरोप शोधू लागतात. गाडी चुकली, त्यात देवाचा हेतू. आजार आला, त्यात धडा. दुसऱ्यावर संकट आलं, मग तर विचारूच नका, त्याचा अर्थ लावायला शेजारीपाजारी तयारच असतात.

22 मे 1997 ला पहाटे जबलपूरला भूकंप झाला. इथली जुनी माणसं अजून ती पहाट सांगतात. घरं पडली, माणसं गेली. कोण गेलं आणि कोण वाचलं, याचा हिशेब पापपुण्याच्या वहीत बसत नव्हता. भिंत ज्याची कच्ची होती, त्याच्यावर ती पडली. येशूसमोरही असाच प्रश्न होता. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. येशूने विचारलं, ती माणसं यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर दिलं, नाही. मग ऐकणाऱ्यांना म्हणाला, तुम्ही मात्र आपली वाट बदला. मेलेल्यांबद्दल निष्कर्ष काढू दिला नाही, जिवंत असलेल्यांना कामाला लावलं.

हे मी लांबून बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा बरीचशी गेली. ती शाळेत मराठी आणि हिंदी शिकवायची. भाषेवर जगणारी बाई. आता दहा-बारा शब्द उरले आहेत आणि त्यांतलेही हवे तेव्हा सापडत नाहीत. भेटायला येणारी भली माणसं सांगायची, देवाची काहीतरी योजना असेल. यातून तो तुम्हाला काही शिकवत असेल. ती पलंगावर पडून हे ऐकत असायची. तिला बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. मला शिकवण्यासाठी देवाने तिची वाचा घेतली, असा त्याचा अर्थ होतो, हे बोलणाऱ्याच्या लक्षात येत नसे. असा देव मला शुभवर्तमानात सापडलेला नाही.

शताधिपतीच्या चाकरालाही पक्षाघातच होता. तो बरा झाला. माझी पत्नी बरी झालेली नाही. मी तो उतारा अनेकदा वाचला आहे आणि हा फरक मिटवण्याची मला काही युक्ती सापडलेली नाही. तरी त्या उताऱ्यातली एक गोष्ट मला आधी दिसत नव्हती, ती आता दिसते. त्या काळच्या रोमी कायद्यात गुलाम म्हणजे मालमत्ता. त्याच्यासाठी एक अधिकारी दुसऱ्यापुढे याचना करतो, तीही जिंकलेल्या प्रजेतल्या एका माणसापुढे. बरं करणारा शब्द त्याच्या हातात नव्हता. पण आजारी माणसाची बाजू धरून उभं राहणं त्याच्या हातात होतं, आणि ते त्याने केलं. उताऱ्याचा हा अर्धा भाग मलाही करता येतो.

तो कसा करायचा, हे मी आमच्याकडे मदतीला येणाऱ्या बाईंकडून शिकतोय. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. शिक्षण फार नाही, चर्चशी संबंध नाही. नर्मदेला मानतात, ग्वारीघाटावर जातात. त्या पत्नीला उठवण्याआधी दर वेळी विचारतात, "दीदी, उठाएँ?" पाणी पाजण्याआधी विचारतात. केस विंचरण्याआधी विचारतात. दिवसातून वीस वेळा. आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. कधी मान हलते, कधी डावा हात हलतो, कधी नुसतेच डोळे. तो होकार मिळाला की मगच हात लावतात.

फौजी माणसाला ही पद्धत वेळखाऊ वाटेल. तिला उठायचंच आहे, मग विचारायचं काय? पण यरीहो गावाबाहेर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी येशूला हाका मारत होता. येशूने त्याला बोलावलं आणि विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला आणखी काय हवं असणार? तरी विचारलं. कारण त्या माणसाकडून दिवसभर कुणीच काही विचारून घेत नव्हतं, लोक त्याला गप्प बस म्हणत होते. हा उतारा मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यातला प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे मला पलंगाशेजारी समजलं. झटक्यानंतर पत्नीचं स्वतःचं म्हणावं असं फार थोडं उरलं होतं. तिचा होकार आणि नकार तेवढा उरला होता. तो तिच्याकडे राहू द्यायचा.

आता मराठीतल्या एका मोठ्या साक्षीकडे वळतो, कारण अनुभवातून आलेली समज माणसाला कुठे नेऊ शकते ते तिथे स्वच्छ दिसतं. लक्ष्मीबाई टिळक. त्यांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागली. पती नारायण वामन टिळक यांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाकडून नवा करार मिळाला. पुढे 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. ज्या वडिलांच्या घरात त्या वाढल्या, तिथे सोवळ्याचा अतिरेक होता, बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. अशी बाई पतीकडे परत आली, तेव्हाही आपलं सोवळं घेऊन आली.

पुढे त्यांच्या मनातला जातिभेद गेला, तो कुणाच्या प्रवचनाने गेला नाही. आजूबाजूची माणसं पाहून, स्वतः विचार करून त्यांना उमगलं की माणसामाणसातली ही जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे. आणि उमगल्यावर त्या तिथेच थांबल्या नाहीत. कुणाच्याही हातचं पाणी, कुणाच्याही हातचं अन्न त्यांनी घ्यायला सुरुवात केली. 1900 साली बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. आधी समज आली, मग आचरण बदललं, मग धर्म. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी विल्को म्हटलं.

म्हणून मी आता अनुभवातून आलेल्या कुठल्याही समजेला दोन प्रश्न विचारतो. पहिला: या समजेमुळे मी दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावतोय, की त्याच्यासाठी काही करतोय? अर्थ लावत असेन तर ती बाजूला ठेवतो. दुसरा: यासाठी मला काही मोजावं लागतंय का? वेळ, सवय, मोठेपणा, काहीतरी. लक्ष्मीबाईंना जन्मभराची सवय मोजावी लागली. शताधिपतीला प्रतिष्ठा मोजावी लागली. ज्या शिकवणीला काहीच पडत नाही, ती बहुधा माझ्याच मताची पुनरुक्ती असते.

तुम्ही ख्रिस्ती असा की नसा, या आठवड्यात एक करून पाहा. घरात कुणी म्हातारं, आजारी किंवा लहान असेल, ज्याच्यासाठी तुम्ही दिवसभर न विचारता निर्णय घेता, त्याला एका गोष्टीबद्दल विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर यायला वेळ लागेल. आमच्याकडे कधी कधी पूर्ण मिनिट लागतं. मिनिट फार मोठं असतं, हे घड्याळाकडे न बघता थांबलं की कळतं. काल दुपारी चहाचं विचारलं, तर बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "नको." शब्द स्पष्ट होता. मी चहा परत नेला आणि फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

प्रभू तुम्हाला शांती देवो.